विश्लेषण : अमरावती–कोल्हापूर विमानाने ‘सव्वा तास’, मग अकोटहून निघालेल्याला अख्खा दिवस का लागतो?

मोबाइलवर दोन विमानतळांची नावे टाकली की अंतर आणि उड्डाणाचा वेळ लगेच दिसतो. अमरावती (बेलोरा) ते कोल्हापूर (उजळाईवाडी) असे टाकल्यास सुमारे ५८५ किलोमीटर आणि साधारण सव्वा तास असे उत्तर येते. गणित म्हणून हे आकडे बरोबर आहेत. पण या मार्गावर थेट विमान नाही, आणि अकोट, तेल्हारा किंवा अंजनगावच्या प्रवाशाला विमानतळावर पोहोचायलाच दोन-अडीच तास लागतात. एप्रिल २०२५ मध्ये बेलोऱ्याहून मुंबईचे विमान सुरू झाल्यापासून पश्चिम विदर्भात ‘आपल्याला किती वेळ वाचतो?’ हा प्रश्न विचारला जात आहे. त्याचे उत्तर हवेतल्या अंतरात कमी आणि जमिनीवरच्या अंतरात जास्त दडलेले आहे.

हवाई अंतर मोजतात कसे?

प्रत्येक विमानतळाचा अक्षांश-रेखांशाचा एक अधिकृत बिंदू ठरलेला असतो. संकेतस्थळे अशा दोन बिंदूंमधले पृथ्वीच्या पृष्ठभागावरचे सर्वांत कमी अंतर काढतात. घाट, नदी, जंगल किंवा वळण यांचा त्यात हिशेब नसतो. म्हणून ते रस्त्याच्या अंतरापेक्षा नेहमीच कमी भरते. अमरावती ते कोल्हापूर हे अंतर रस्त्याने मार्गानुसार सातशे ते आठशे किलोमीटरच्या दरम्यान जाते. हवेतून ते ५८५ किलोमीटर आहे.

याच पद्धतीने बेलोरा ते मुंबई सुमारे ५४० किलोमीटर, बेलोरा ते पुणे सुमारे ४७० किलोमीटर आणि मुंबई ते कोल्हापूर सुमारे ३०७ किलोमीटर येते. विमाने मात्र अशा सरळ रेषेत क्वचितच उडतात. त्यांना ठरलेल्या हवाई मार्गांनी जावे लागते, लष्करासाठी राखीव हवाई क्षेत्र टाळावे लागते आणि धावपट्टीच्या दिशेप्रमाणे वळसा घेऊन उतरावे लागते. प्रत्यक्ष कापलेले अंतर त्यामुळे काही किलोमीटरने वाढते.

मग ‘सव्वा तास’ हा आकडा कुठून येतो?

अंतर सांगणारी बहुतेक संकेतस्थळे एक ढोबळ सूत्र वापरतात. मोठ्या जेट विमानाचा ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेग धरायचा आणि उड्डाण-उतरणीसाठी अर्धा तास मिळवायचा. ५८५ किलोमीटरला ४४ मिनिटे, त्यात ३० मिनिटे मिळवली की १ तास १४ मिनिटे होतात. या मार्गावर विमानसेवा आहे की नाही, कोणते विमान उतरू शकते, याच्याशी त्या सूत्राचा संबंध नसतो. जगातल्या कोणत्याही दोन बिंदूंसाठी ते असेच उत्तर देईल.

लहान विमानतळांवर येणारी विमाने वेगळी असतात. बेलोऱ्याची सेवा अलायन्स एअरच्या एटीआर-७२ विमानाने सुरू झाली. पंख्याच्या, म्हणजे टर्बोप्रॉप इंजिनाच्या या विमानात सत्तरेक प्रवासी बसतात आणि त्याचा वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास असतो. अशा विमानाने कोल्हापूरला जायचे ठरवले, तर नुसत्या उड्डाणालाच ७० मिनिटे लागतील. पुढे-मागचा वेळ धरला की प्रवास पावणेदोन तासांचा होईल.

मुंबईच्या विमानाला वेळापत्रकात पावणेदोन तास का दाखवतात?

बेलोरा–मुंबई ५४० किलोमीटर म्हणजे पाचशेच्या वेगाने सुमारे ६५ मिनिटांचे अंतर. सेवा सुरू झाली तेव्हाच्या वेळापत्रकात मात्र १ तास ४५ मिनिटे दिली होती. मधली ४० मिनिटे जातात कुठे?

वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंतची चाल, उड्डाणाची परवानगी मिळेपर्यंतची वाट, वर चढताना आणि खाली उतरताना कमी झालेला वेग आणि शेवटी पुन्हा थांब्यापर्यंतची चाल येते. बेलोऱ्यात यातले फारसे काही अडत नाही, तिथे विमानांची रांग नसते. मुंबईत असते. सांताक्रूझ-अंधेरी परिसरातल्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालाव्या लागणे तिथे नेहमीचे आहे. कंपन्या हा वेळ वेळापत्रकात आधीच धरून ठेवतात.

कमी अंतराच्या प्रवासात याचा फटका जास्त बसतो. दिल्ली-चेन्नईसारख्या लांब मार्गावर ४० मिनिटे फारशी जाणवत नाहीत. पाचशे किलोमीटरच्या मार्गावर तीच ४० मिनिटे एकूण वेळेच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक होतात.

अमरावती–कोल्हापूर थेट विमान का नाही?

दोन्ही विमानतळांचा प्रवास बराचसा सारखा आहे. कोल्हापूरचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये सुरू झाला. त्याची १,३७० मीटरची धावपट्टी अनेक वर्षे वाढीच्या प्रतीक्षेत होती. ती वाढवल्यावर आणि मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाल्यावर तिथे मोठी विमाने येण्याचा मार्ग मोकळा झाला. बेलोऱ्याची धावपट्टीही आधी १,३७२ मीटर होती. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने ती १,८५० मीटर केली आणि १६ एप्रिल २०२५ रोजी पहिले प्रवासी विमान मुंबईहून तिथे उतरले.

म्हणजे तांत्रिकदृष्ट्या एटीआर विमान दोन्हीकडे उतरू शकते. अडते ते प्रवाशांच्या संख्येवर. एका फेरीत सत्तर माणसे त्याच दिवशी, त्याच वेळी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारी हवीत. वऱ्हाडातून कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला, शिक्षणाला किंवा व्यापारासाठी जाणारे लोक आहेत. पण ते वर्षभर विखुरलेले आहेत, आठवड्याचे विमान भरेल इतके एका दिवशी सापडत नाहीत. मुंबईचे तसे नाही. मंत्रालयातले काम, रुग्णालय, नोकरी, परदेशी जाणारे विमान अशा वेगवेगळ्या कारणांचे प्रवासी मुंबईच्या एकाच विमानात बसतात. म्हणून लहान विमानतळ आधी मोठ्या शहराला जोडले जातात आणि दोन लहान शहरांमधला प्रवास मोठ्या शहरातून करावा लागतो.

त्यामुळे अमरावती–कोल्हापूर हवाई प्रवासाचे खरे अंतर मुंबईमार्गे सुमारे ८५० किलोमीटर होते, सरळ रेषेपेक्षा जवळपास दीडपट. सुरुवातीच्या वेळापत्रकाप्रमाणे बेलोऱ्याचे विमान संध्याकाळी मुंबईत पोहोचत होते. तेथून त्याच रात्री कोल्हापूर गाठणे अवघड, म्हणजे मुंबईत एक मुक्काम आला. याउलट महाराष्ट्र एक्स्प्रेस अकोल्याहून थेट कोल्हापूरला जाते आणि तिला वीस तासांच्या आसपास लागतात. सव्वा तासाच्या आकड्यापुढे वीस तास प्रचंड वाटतात. मुक्कामासह मुंबईमार्गे विमानप्रवासाशी तुलना केली, तर फरक फारसा उरत नाही आणि खर्चात रेल्वे कितीतरी स्वस्त पडते.

अकोटच्या प्रवाशाची अडचण वेगळी काय?

अकोटपासून बेलोरा सरळ रेषेत सुमारे ७५ किलोमीटर पूर्व-आग्नेयेला आहे. दर्यापूरमार्गे रस्त्याने ते अंतर शंभर किलोमीटरच्या घरात जाते. मुंबई मात्र पश्चिमेला आहे. म्हणजे अकोटचा प्रवासी आधी मुंबईच्या विरुद्ध दिशेला शंभर किलोमीटर जातो आणि मग विमानाने तेच अंतर परत कापतो.

नकाशावर बेलोरा आणि मुंबई यांना जोडणारी सरळ रेषा काढली, तर ती अकोल्याच्या शिवणी विमानतळापासून जेमतेम दहा-बारा किलोमीटर दक्षिणेकडून जाते. शिवणी अकोटहून रस्त्याने पन्नासेक किलोमीटरवर आहे, बेलोऱ्याच्या निम्म्या अंतरावर.

दुसरा रस्ता अकोला–अमरावती महामार्गाचा. अकोट–अकोला–मूर्तिजापूर–बडनेरा असे गेल्यास अंतर १३५ किलोमीटरच्या पुढे जाते, पण रस्ता मोठा आहे. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकण्याचा गिनेस विक्रम झाला होता. गंमत अशी की या रस्त्याने बेलोऱ्याला निघालेली गाडी अकोला सोडताच शिवणीजवळून पुढे जाते. अकोट तालुक्यातला माणूस एका विमानतळाजवळून दुसऱ्या विमानतळाकडे जातो, कारण पहिल्यावर प्रवासी विमान येत नाही.

घरापासून मुक्कामापर्यंत किती वेळ लागतो?

अकोट–मुंबईचा ढोबळ हिशेब असा मांडता येतो. बेलोऱ्यापर्यंत रस्त्याने अडीच तास, विमानतळावर आधी पोहोचण्याचा आणि तपासणीचा दीड तास, विमानाचे पावणेदोन तास, मुंबईत बाहेर पडायला अर्धा तास आणि शहरात इच्छित ठिकाणी पोहोचायला एक तास. बेरीज सव्वासात तास.

रेल्वेने अकोट ते अकोला सुमारे सव्वा तास, गाडीची तासभर वाट, अकोल्याहून मुंबई नऊ-दहा तास. एकूण बारा तासांच्या आसपास. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आहे. अकोटहून तो गाठून स्वतःच्या गाडीने मुंबईला जाणाऱ्याला नऊ-दहा तास लागतात.

म्हणजे विमानाने चार-पाच तास वाचतात. ही बचत खरी आहे, पण ती दिवसाच्या वेळेतली आहे. अमरावती–मुंबई एक्स्प्रेस किंवा विदर्भ एक्स्प्रेसमध्ये रात्री झोपून सकाळी मुंबईत उतरणारा माणूस दिवसभर काम करून त्याच रात्री परत निघू शकतो. दुपारचे विमान पकडणाऱ्याचा कामाचा दिवस प्रवासात जातो आणि काम दुसऱ्या दिवशी होते.

त्यात आठवड्याचा प्रश्न आहे. सेवा सुरू झाली तेव्हा विमान सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे तीन दिवस होते. मंगळवारी सकाळी निरोप आला की रुग्णाला मुंबईला हलवायचे आहे, तर बुधवारची वाट पाहायची की रात्रीची गाडी पकडायची? अशा वेळी उड्डाण पावणेदोन तासांचे आहे की सव्वा तासाचे, याने काही बिघडत नाही. विमान त्या दिवशी आहे का, एवढेच महत्त्वाचे ठरते.

शिवणीहून विमान उडाले, तर किती फरक पडेल?

शिवणी ते मुंबई हवाई अंतर सुमारे ४७३ किलोमीटर आहे. बेलोऱ्यापेक्षा सुमारे ७० किलोमीटर कमी. विमानाच्या वेळेत त्याने आठ-नऊ मिनिटेच वाचतात. जमिनीवर मात्र अडीच तासांऐवजी सव्वा-दीड तासात विमानतळ गाठता येईल. म्हणजे एका फेरीत एकूण बचत सव्वा तासाच्या आसपास आणि तिचा बहुतेक भाग रस्त्यावरचा.

अकोल्याचा हा विमानतळ नवा नाही. शिवणीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, १९४३ ची आहे. विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ताब्यात आहे. धावपट्टीची लांबी सुमारे १,४०० मीटर आहे आणि ती १,८०० मीटर करण्याची मागणी वर्षानुवर्षे होत आहे. एका बाजूला महामार्ग आणि दुसरीकडे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन असल्याने वाढीला मोकळी जागा नाही. विद्यापीठाची जमीन, त्यापुढची खासगी जमीन, मोबदला आणि निधी या चार गाठींत हा प्रश्न अडकून राहिला. शेजारच्या जिल्ह्यात बेलोऱ्याची धावपट्टी त्याच काळात वाढली आणि पश्चिम विदर्भाचे विमान तिथे उतरले.

४०० मीटरने एवढे काय अडते?

यात वऱ्हाडच्या उन्हाचा मोठा वाटा आहे. विमानाला वर उचलणारी शक्ती हवेच्या घनतेवर अवलंबून असते. हवा तापली की विरळ होते, पंखांना कमी उचल मिळते, इंजिनाची ताकदही घटते. मग तेच विमान तेवढ्याच वजनासह उडण्यासाठी धावपट्टीवर जास्त अंतर धावते.

शिवणी समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्याच्या दुपारी तापमान ४२ अंश असेल, तर तिथली हवा साधारण १,३०० मीटर उंचीवरच्या प्रमाण हवेइतकी विरळ होते. म्हणजे शिवणीत उभे असलेले विमान त्या दुपारी चिखलदऱ्यापेक्षाही उंच ठिकाणी असल्यासारखे वागते. अकोला आणि अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवीन नाही. समुद्रकाठच्या गार हवेत तेराशे-चौदाशे मीटरमध्ये उडणाऱ्या एटीआरला अशा दुपारी तेवढी धावपट्टी पुरत नाही. मग कंपनीला प्रवासी किंवा सामान कमी करावे लागते. सत्तर आसनांच्या विमानातली वीस आसने रिकामी ठेवून फेरी परवडत नाही.

बेलोऱ्याच्या १,८५० मीटरवर एटीआरचे काम होते. इंडिगो किंवा एअर इंडियाकडच्या एअरबस ए-३२० सारख्या मोठ्या जेटला पूर्ण भारासह दोन हजार मीटरहून अधिक लांबी लागते आणि उन्हाळ्यात त्याहीपेक्षा जास्त. त्यामुळे बेलोऱ्याहून दिल्ली, बेंगळूरुसारखी थेट सेवा हवी असेल, तर तिथेही धावपट्टीचा प्रश्न पुन्हा येणार.

लहान विमान वापरता येणार नाही का?

येऊ शकते. नॉर्वेत अनेक लहान विमानतळांच्या धावपट्ट्या आठशे मीटरच्या आसपास आहेत आणि तिथे चाळीसएक आसनांची टर्बोप्रॉप विमाने वर्षानुवर्षे चालतात. थंड हवा आणि सरकारी अनुदान या दोन गोष्टी त्यांच्या बाजूने आहेत. भारतातही अलायन्स एअरने एप्रिल २०२२ मध्ये आसाममधील दिब्रुगड ते अरुणाचलमधील पासीघाट या मार्गावर हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे डॉर्नियर विमान सुरू केले. ते अवघ्या १७-१९ आसनांचे विमान आहे. शिवणीची सध्याची धावपट्टी अशा विमानाला पुरेशी आहे.

अडचण खर्चाची आहे. दोन वैमानिक, इंधन, देखभाल आणि विमानतळाची सुरक्षा हा खर्च सत्तर प्रवाशांत वाटण्याऐवजी सतरा जणांत वाटावा लागतो. शिवाय अशा विमानाचा वेग एटीआरपेक्षा कमी असल्याने मुंबईसारख्या अंतरावर वेळ वाढतो. अरुणाचलच्या डोंगरात रस्त्याने लागणारा वेळ इतका मोठा असतो की लहान विमानही उपयोगी पडते. अकोल्याला मुंबई-हावडा लोहमार्ग असल्याने इथे विमानाची स्पर्धा रात्रीच्या गाडीशी आहे.

‘उडान’ योजनेत अंतर एवढे महत्त्वाचे का?

बेलोऱ्याची मुंबई सेवा केंद्राच्या ‘उडान’ या प्रादेशिक जोडणी योजनेतली आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेतले पहिले विमान एप्रिल २०१७ मध्ये शिमला–दिल्ली मार्गावर उडाले. ठरावीक आसने मर्यादित दरात विकायची आणि त्यामुळे कंपनीला येणारी तूट सरकारने भरून द्यायची, असे तिचे स्वरूप आहे. सुरुवातीला तासाभराच्या, म्हणजे सुमारे पाचशे किलोमीटरच्या प्रवासाला अडीच हजार रुपये ही मर्यादा लोकांच्या लक्षात राहिली. तूट भरून देणाऱ्या रकमेला ‘व्यवहार्यता तफावत निधी’ म्हणतात. महाराष्ट्रासारख्या राज्यांत त्यातला २० टक्के वाटा राज्य सरकार उचलते.

या योजनेत तिकिटाची मर्यादा आणि अनुदान दोन्ही हवाई अंतरावरून ठरतात. २०२३ मध्ये आलेल्या ‘उडान ५.०’ मध्ये मार्गाच्या लांबीवरची ६०० किलोमीटरची अट काढली गेली. अनुदान मात्र जास्तीत जास्त ६०० किलोमीटरपर्यंतच मिळेल असे ठरले. आधी ही मर्यादा ५०० किलोमीटर होती. या हिशेबात अमरावती–कोल्हापूरचे ५८५ आणि अमरावती–पुण्याचे ४७० किलोमीटर, दोन्ही अनुदानाच्या कक्षेत बसतात. मोबाइलवर दिसणाऱ्या त्या आकड्याचा खरा उपयोग इथे होतो.

अकोट, अंजनगाव, दर्यापूर भागातून पुण्याला रोज रात्री ट्रॅव्हल्स सुटतात. शिक्षण आणि नोकरीसाठी वऱ्हाडातली मोठी तरुण पिढी पुण्यात आहे. त्यामुळे बेलोऱ्याहून दुसरा मार्ग सुरू करायचा झाला, तर कोल्हापूरपेक्षा पुण्याला प्रवासी मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे.

तीन वर्षांनंतर काय होते?

‘उडान’चे अनुदान साधारणपणे तीन वर्षांसाठी असते. त्या काळात मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, अशी अपेक्षा असते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालातले आकडे इथे पाहण्यासारखे आहेत. योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ मार्गच सुरू झाले. त्यातल्या ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली. मार्च २०२३ पर्यंत अनुदानाच्या मुदतीनंतरही चालू राहिलेले मार्ग फक्त ५४ होते.

राज्यातले जवळचे उदाहरण सिंधुदुर्गचे आहे. चिपी विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२१ मध्ये झाले आणि अलायन्स एअरची मुंबई सेवा सुरू झाली. तीन वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली आणि ती सेवा थांबली. धावपट्टी होती, टर्मिनल होते, पर्यटकही होते. तरी अनुदान संपताच मार्ग तुटला.

अमरावतीची सेवा एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाली. तीन वर्षांचा हिशेब धरला तर एप्रिल २०२८ ही तिची कसोटी. तोवर प्रवासी वाढले नाहीत तर काय होईल, याचा अंदाज चिपीवरून बांधता येतो. आणि प्रवासी वाढायचे असतील तर ते एकट्या अमरावती शहरातून येणार नाहीत. अकोला, अकोट, दर्यापूर, अचलपूर, यवतमाळ, वाशीम या साऱ्या पट्ट्यातून ते यावे लागतील.

अकोटसाठी जमिनीवरचा दुवा किती पक्का आहे?

अकोट–अकोला हा ४४-४५ किलोमीटरचा प्रवास या भागाचा कणा आहे. मुंबईची रात्रीची गाडी असो की उद्या शिवणीहून विमान, अकोटकराला आधी पूर्णा नदी ओलांडावीच लागते. ऑक्टोबर २०२२ मध्ये गांधीग्राम येथील पूर्णेवरचा ब्रिटिशकालीन पूल धोकादायक ठरल्याने वाहतुकीसाठी बंद झाला. गाड्यांना लांबच्या पर्यायी मार्गांनी जावे लागले आणि तासाभराचा प्रवास वाढला. त्याच सुमारास, नोव्हेंबर २०२२ मध्ये, अकोला–अकोट ब्रॉडगेज मार्गावर प्रवासी रेल्वे सुरू झाली. जुनी मीटरगेज गाडी २०१७ मध्ये बंद झाली होती. मधली पाच-सहा वर्षे अकोटला रेल्वेच नव्हती. अकोटच्या पुढे खांडव्याकडचे काम मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या प्रश्नामुळे अडले. त्यामुळे उत्तरेकडचा दुवा अजून जुळलेला नाही.

एका पुलाने अकोटचा प्रवास किती लांबतो, हे २०२२ मध्ये दिसले. शिवणीची धावपट्टी वाढल्याने विमानाच्या वेळेत आठ-नऊ मिनिटांचा फरक पडेल. पूर्णेवरचा पूल किंवा अकोट–दर्यापूर–अमरावती रस्ता चांगला असण्या-नसण्याने एक तासाचा पडतो.

पुढे कोणत्या गोष्टींकडे लक्ष ठेवावे?

पहिली गोष्ट फेऱ्यांचे दिवस आणि वेळ. विमान रोज आणि सकाळी असेल, तर त्याच दिवशी मुंबईत काम होऊ शकते आणि पुढचे विमानही मिळते. यासाठी मुंबईत उतरण्याची वेळ मिळणे आवश्यक असते. जुन्या विमानतळावर अशी जागा मिळणे कठीण आहे. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी सेवा सुरू झाल्याने लहान शहरांच्या विमानांना जागा मिळण्याची शक्यता वाढली आहे. मात्र दक्षिण मुंबईत जाणाऱ्याला तिथून शहरातला प्रवास लांबतो, हेही धरावे लागेल.

दुसरी गोष्ट रात्री उतरण्याची सोय. ज्या धावपट्टीवर ती नसते, तिथे विमान सूर्यास्ताआधी आणावे लागते आणि सोयीची वेळ हातची जाते.

तिसरी गोष्ट बेलोऱ्यापर्यंतची बस. विमानाच्या वेळेशी जुळणारी अकोट–दर्यापूर–बेलोरा एसटी सुरू झाली, तर खासगी गाडीचा खर्च वाचेल. आज हा खर्च अनेकांसाठी विमानाच्या तिकिटाइतका भरू शकतो.

चौथी गोष्ट शिवणीची जमीन. भूसंपादनाचा निर्णय झाला तरी मोजणी, मोबदला, बांधकाम आणि नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाचा परवाना या टप्प्यांना वर्षे लागतात. तोवर पश्चिम विदर्भाचे विमान म्हणजे बेलोऱ्याचेच विमान राहणार आहे. तिथे एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था येत असल्याने विमानतळ गजबजलेला राहील, पण प्रशिक्षणाच्या विमानांनी प्रवासी सेवा टिकत नाही.

तेव्हा तिकीट काढण्याआधी अकोटच्या प्रवाशाने मोबाइलवरच्या ‘फ्लाइट टाइम’मध्ये किमान पाच तास स्वतःच्या हिशेबाचे मिळवावेत, विमान कोणत्या वारी आहे ते पाहावे आणि परतीचाही दिवस जुळतो का ते तपासावे. तिन्ही जुळत असतील तर विमान फायद्याचे. एक जरी जुळत नसेल, तर अकोल्याहून सुटणारी रात्रीची गाडी अजूनही हातची आहे.